बर्फातली राखण

पत्र लिहिण्यात माझा हात कुणी धरत नसे. सासर वाशिंदला, माहेर धसईच्या पुढे डोंगराच्या पायथ्याशी, आणि दोन्हीकडे एकच बोलणं, ‘बाईंकडून लिहून घ्या.’ कुणाला तहसील कचेरीत अर्ज द्यायचा असो, कुणाच्या मुलीच्या सासरी दोन खरमरीत ओळी धाडायच्या असोत, माणसं माझ्या दारात. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी बाई, अक्षर चांगलं, जीभ त्याहून चांगली. मला त्याचा गर्व होता, आता खोटं कशाला बोलू. त्याच गर्वात मी दोन हजार साली माझ्या फौजी भावाला एक पत्र लिहिलं. त्याच्या पाठोपाठ दुसरं एक लिहायला हवं होतं, ते लिहिलं नाही. त्यानंतर जे झालं त्यात माझा वाटा किती, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. सांगताना आवाज चढला तर चढू दे. घरच्यांना सवय आहे.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आमच्या बाजूची माणसं फौजेत फारशी जात नाहीत. भात लावायचं, कापायचं, मधल्या दिवसांत कल्याणकडे मजुरी बघायची, नाहीतर वाशिंदच्या कारखान्यात चिकटायचं. दादा धावण्यात पटाईत होता. शेजारगावचा एक जण भरतीला निघाला, त्याला सोबत म्हणून हा गेला, आणि तो राहिला बाजूला, हाच घेतला गेला. आई दोन दिवस जेवली नाही. बाबा फक्त एवढं म्हणाले, “जातोस तर जा. राखणीचंच काम हाय, तुला येतंय.”

राखण म्हणजे काय, ते आधी सांगते. भाताचा दाणा भरायला लागला की डोंगरातून डुकरं उतरतात. एका रात्रीत अख्खं खाचर तुडवून, खाऊन, चिखल करून जातात. म्हणून शेतात चार मेढी रोवून त्यावर बांबूंचा माळा बांधायचा, वर पेंढ्याचं छप्पर घालायचं, आणि गणपती उठले की कापणी होईपर्यंत तिथे राहायचं. अंधार पडल्यापासून उजाडेपर्यंत पत्र्याचा डबा बडवायचा, आरोळ्या द्यायच्या. बाबांचा नियम एकच होता. माळा रिकामा ठेवायचा नाही. ताप असो, घरी पाहुणे असोत, कुणीतरी माळ्यावर पाहिजे. डुकरांना कॅलेंडर नसतं, पण माळा रिकामा आहे हे त्यांना त्याच दिवशी कळतं, असं ते म्हणायचे. आम्ही दोघं भावंडं शाळा सुटली की तिथेच. अभ्यास माळ्यावर, भांडण माळ्यावर, भाकरी माळ्यावर. दादा मला घाबरवायचा आणि मी त्याला चावायचे.

या नियमाला एक अपवाद होता. मी चौथीत असेन. आश्विनातली संध्याकाळ, घाटमाथ्यावर काळं झालं होतं आणि जाता जाता पडणारा तो पाऊस गडगडत खाली येत होता. बाबा घरून धावत आले आणि म्हणाले, “उतरा.” दादा ऐकेना. भात अगदी कापायला आलं होतं, चार दिवसांचा प्रश्न होता. तो म्हणाला, “डुकरं येतील ना.” बाबा म्हणाले, “येऊं दे. भात परत पिकल.” त्यांनी मला खांद्यावर टाकलं, दादाचा कान धरला आणि घरी आणलं. ईज कडाडत असली की माळ्यावर थांबायचं नाही, उघड्या शेतात उंच तोच एक असतो. पण त्या दिवशी ईज कुठेतरी लांब पडली. आमच्या माळ्याला काही झालं नाही. डुकरांनी मात्र निम्मं शेत खाल्लं. आईने बाबांना पंधरा दिवस ऐकवलं. गावात हसू झालं ते वेगळंच. विजेला भिऊन भात डुकरांना वाढलं, असं लोक म्हणायचे. मला शाळेत त्याची लाज वाटायची. म्हणून असेल, पण ती संध्याकाळ मी माझ्या आठवणीतून बाजूला सारली. बाबांचा नियम लक्षात ठेवला, अपवाद गाळला.

नव्व्याण्णवच्या उन्हाळ्यात कारगिलची लढाई झाली तेव्हा दादा तिकडेच होता. आमच्या वाडीत टीव्ही नव्हता. धसईच्या बाजारात एका दुकानात होता, तिथे बाबा आणि मी जाऊन उभे राहायचो. सुट्टी होती, मी माहेरी होते. बातम्यांत डोंगर दिसायचे, तोफा दिसायच्या, आणि मी प्रत्येक हेल्मेटखाली दादा शोधायचे. दुकानात बसलेल्या सगळ्यांना एकच प्रश्न पडलेला होता. आपल्या डोंगरावर दुसरे जाऊन बसले कसे? कुणीतरी समजावून सांगितलं की हिवाळ्यात तिथे बर्फ फार पडतं, म्हणून दोन्हीकडचे लोक वरच्या चौक्या सोडून खाली उतरतात आणि उन्हाळ्यात परत चढतात. या वेळी समोरचे आधीच येऊन बसले. बाबा टीव्हीकडेच पाहत होते. ते म्हणाले, “म्हंजे राखण सोडली व्हती.”

दुकानातले लोक हसले. म्हातारा सगळीकडे आपलं भातच बघतो, असं कुणीतरी बोललं. पण मला ते वाक्य आवडलं. घरी येताना मी ते मनात घोळवत होते. इतक्या मोठ्या लढाईचं कारण माझ्या अडाणी बापाने चार शब्दांत सांगितलं, याचा मला अभिमान वाटला.

दादा वाचला. त्या वर्षी कापणीच्या वेळी तो सुट्टीवर आला आणि येताना एका जोडीदाराला घेऊन आला. तो माळशेज घाटाच्या वरचा, जुन्नरकडचा. आमच्याकडे दोन दिवस राहून पुढे एसटीने आपल्या गावी जाणार होता. बाबा त्याला पाहुणा म्हणायचे, म्हणून आम्ही सगळेच पाहुणा म्हणू लागलो. दोघंही वाळले होते, चेहरे भाजल्यासारखे काळे. लढाईबद्दल दोघं अवाक्षर काढत नव्हते. पण पाहुणा बाकी बोलघेवडा होता. बाजरीच्या भाकरीवर वाढलेला माणूस, आईची तांदळाची भाकरी खाऊन म्हणाला, “मावशी, ही भाकरी गिळायच्या आधीच विरघळते, पोटाला कळतच नाही जेवलो म्हणून. अजून चार द्या.” आई इतकी हसली की तिला ठसका लागला. दादा फौजेत गेल्यापासून ती अशी हसलेली मी पाहिली नव्हती. पाहुण्याला दोन वर्षांची मुलगी होती. तिच्यासाठी आईने पोह्यांची पुरचुंडी बांधून दिली. पाहुणा माळ्यावरही चढून बसला आणि डबा बडवून खूश झाला.

पुढच्या वर्षी त्यांची पलटण पूर्वेकडच्या सरहद्दीवर गेली. तिथेही डोंगर, तिथेही बर्फ, तिथेही हिवाळ्यात सोडायच्या चौक्या. पण तिथे लढाई नव्हती. समोरचेही हिवाळ्यात खाली उतरायचे आणि वर्षानुवर्षं ते तसंच चाललं होतं. आता कारगिलनंतर प्रश्न उभा राहिला. जे तिकडे झालं ते इकडे होऊ नये म्हणून काय करायचं? साहेबांनी बैठक ठेवली आणि कारगिलला प्रत्यक्ष होते त्या सगळ्यांना सांगितलं, तिथून काय शिकलात ते येऊन बोला. दादा तोवर हवालदार झाला होता. भाषण म्हटलं की तो पळ काढायचा. त्याने मला आंतरदेशीय पत्र धाडलं. त्यात लिहिलं होतं, ‘बाय, मला काय बोलायचं ते सुचत नाही. तू बाई आहेस, चार वाक्यं लिहून दे. वरची चौकी यंदा सोडायची की ठेवायची, एवढंच विचारणार आहेत. महिनाभर आहे हातात.’

मी त्याच दिवशी उत्तर लिहायला बसले. शाळेतून येऊन चहासुद्धा केला नाही. मी लिहिलं की साहेबांना आपल्या माळ्याचं सांग. भात भरलं की आपले बाबा एक रात्रसुद्धा माळा रिकामा ठेवत नाहीत. राखण अमुक दिवस करू आणि अमुक दिवस करणार नाही, असं म्हणणाऱ्याचं शेत उभं राहत नाही. कारगिलला जे झालं ते राखण सोडल्यामुळे झालं, हे बाबांना टीव्हीसमोर उभं राहून कळलं. मग जी गोष्ट एका डोंगरावर खरी तीच दुसऱ्या डोंगरावरही खरी. चौकी सोडू नये. असं बरंच काही. दोन्ही बाजू भरल्या, कडेलाही लिहिलं. नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, “तुला मंत्रीच करायला पायजे.” तो थट्टा करत होता, मला ती खरी वाटली.

आता विचार करते तेव्हा माझंच डोकं फिरतं. मी बर्फ कधी पाहिलं होतं? फ्रीजमधलं. वाशिंदच्या स्वयंपाकघरात पंख्याखाली बसून मी पूर्वेच्या सरहद्दीवरच्या चौकीचा निकाल लावत होते. आणि शब्द असे होते की वाचणाऱ्याला वाटावं, बाईने दहा हिवाळे तिथे काढलेत.

दादाचं उत्तर आलं ते मी माहेरी नेलं. बाबा अंगणात पेंढ्याची दोरी वळत बसले होते. मी मोठ्याने वाचलं. ‘बाय, तुझं माळ्याचं सगळं तसंच सांगितलं. साहेबांनी माझ्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. म्हणाले, हवालदार, तुम्हारा बाप तो जनरल है. सगळे हसले पण पटलं सगळ्यांना. वरची चौकी यंदा ठेवायची ठरली. मलाच तिथे प्रमुख नेमलंय. पाहुणा पण आहे बरोबर.’

मला वाटलं, बाबा हरखतील. त्यांनी दोरी खाली ठेवली.

“ईज असते त्या दिवसाचं लिवलंस का?” त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही. मग ती चौथीतली संध्याकाळ आठवली आणि मी हसले. “बाबा, तिथं ईज नसते. बरफ असतं.”

“तेच ते. वरून येणारं काय असल ते. डुकरांसाठी बसायचं, इजेसाठी उतरायचं. हे तू लिवलंस का?”

“नाही.”

“मग अर्धंच लिवलंस. परत लिव त्याला. आजच लिव. तो माझा पोर हाय, मी सांगितलं की शेवटपर्यंत बसून राहील. उतरायचं कवा ते पण माझ्याच तोंडून त्याला कळाया हवं.”

मी हो म्हटलं. मनात मात्र वैतागले. जनरल म्हणून कौतुक आलंय, त्याचं यांना काही नाही, आणि ज्या गोष्टीवर गाव हसलं तीच पुन्हा लिहायची. साहेबांना काय वाटेल? आणि दादा काय लहान आहे? त्याचे साहेब आहेत, त्यांना बर्फाचं कळत नसेल का? वाशिंदला आले. शाळेची तपासणी आली. मग सहामाही परीक्षा, मग दिवाळी. बाबांनी एकदा बाजारातल्या माणसाबरोबर निरोपही धाडला, ‘पत्र गेलं का.’ मी उलट निरोप दिला की हो, गेलं. म्हणजे मी खोटंही बोलले. आंतरदेशीय पत्र घरात आणून ठेवलेलं होतं. नुसतं बसून लिहायचं होतं. अर्ध्या तासाचं काम.

माघात धसईच्या फोनवर निरोप आला आणि गावातल्या एकाने तो घरी आणला. दादा सुखरूप आहे, एवढंच आधी कळलं. बाकीचं आठवड्याने कळलं. चौकीच्या वरच्या कड्यावरून बर्फाची दरड कोसळली. दादा त्या दिवशी खाली होता. चौकी कशी चालली आहे ते सांगायला साहेबांनी त्याला बोलावलं होतं. वर चौघे होते. एक जिवंत निघाला. पाहुण्याचा देह तिसऱ्या दिवशी सापडला.

बातमी ऐकली तेव्हा मी पहिल्यांदा काय केलं माहीत आहे? कपाटातलं ते कोरं पत्र काढलं आणि फाडून चुलीत घातलं. कुणाला दिसू नये म्हणून. कोऱ्या पत्रात दिसण्यासारखं काय होतं? पण माणूस भेदरला की असंच करतो.

फाल्गुनात दादा आला. अंगणात येऊन बसला, बूटसुद्धा काढले नाहीत. आईने पाणी दिलं ते हातात धरून राहिला. मग एकेक सांगू लागला. दोन दिवस आधीपासून बर्फ थांबत नव्हतं. पाहुण्याने वायरलेसवर विचारलं होतं, कड्याचं लक्षण बरं दिसत नाही, आम्ही उतरू का? खाली साहेब नव्हते, दुसऱ्या ठिकाणी गेले होते. दादाने उत्तर दिलं होतं की साहेब उद्या येतील, तोवर थांबा, चौकी रिकामी ठेवायची नाही.

“तिथं कोण येणार व्हतं?” दादा म्हणाला. “समोरचे तर कवाच खाली गेले व्हते. हे मला ठावं व्हतं. कारगिलला माणूस येणार व्हता म्हणून बसायला पायजे व्हतं. हिथं बरफ येणार व्हतं. मी दोन डोंगर एकच समजलो.”

साहेबांनी त्याला समजावलं होतं. निर्णय तुझा नव्हता, वरून आला होता, अशा कितीतरी चौक्या यंदा ठेवल्या गेल्या, तू बोललास म्हणून काही झालं नाही. खरंही असेल ते. एका हवालदाराच्या चार वाक्यांवर सरहद्द चालत नाही, एवढं मलाही कळतं. पण ‘थांबा’ हा शब्द त्याच्याच तोंडून गेला होता, आणि तो शब्द त्याच्या तोंडात कुठून आला ते मला माहीत होतं.

बाबा ओट्यावर बसून ऐकत होते. दादाचं संपल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मी मान खाली घातली आणि त्यांना कळलं. मला वाटलं, आता बोलतील, आता सगळ्यांसमोर विचारतील. बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले आणि बराच वेळ आले नाहीत. त्यानंतर ते जगले तोवर त्यांनी तो विषय माझ्यापाशी काढला नाही. त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर मी उलट भांडले असते, माझा स्वभावच तसा. गप्प बसणाऱ्या माणसाशी काय भांडणार? मी घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, पोरांवर ओरडले, शाळेत एका मुलीला विनाकारण छडी मारली. नंतर तिला जवळ घेऊन रडले. ती बिचारी घाबरून गेली.

पुढच्या आश्विनात दादा परत सुट्टीवर आला. भात भरलं होतं, बाबांनी माळा बांधलेला होता. सकाळी सगळ्यांसमोर हा कोयता घेऊन शेतात गेला आणि माळा तोडायला लागला. छप्पर खाली ओढलं, बांबू तोडले, मेढी हलवून हलवून उपटल्या. घामाने निथळत होता. आई ओरडत होती, “अरे, येडा झालास काय, डुकरं हायत.” बाबांनी तिला हाताने थांबवलं. दादाने शेवटची मेढ बांधावर टाकली आणि तिथेच चिखलात बसून रडला. सोळा वर्षं फौजेत काढलेला माणूस, कारगिल बघून आलेला. मी बांधावर उभी होते. मला त्याच्याजवळ जाता येईना. बाबा गेले, त्याच्या शेजारी बसले, आणि पाठीवर हात ठेवला. त्या वर्षी आमचं भात डुकरांनी खाल्लं. पुन्हा आमच्या शेतात माळा बांधला गेला नाही. बाबा शेताच्या कडेने जुन्या साड्या लावायचे, त्याने जेवढं राहील तेवढं.

दादा दरवर्षी एकदा घाट चढून पाहुण्याच्या घरी जायचा. मुरबाडहून एसटी, पुढे पायी. तिथे काय बोलायचा ते सांगत नसे. एका वर्षी मी विचारलंच, “तू त्यांना सांगितलंस का, वायरलेसचं?”

“पयल्याच वर्षी.”

“मग?”

“त्याच्या आईनं चहा ठेवला,” तो म्हणाला. “मी प्यायलो नाय. दुसऱ्या वर्षी प्यायलो.”

बस. एवढंच. पाहुण्याची मुलगी शाळेत जायला लागली, तिला पाढे येतात, असं पुढे म्हणाला.

निवृत्त होऊन तो वाशिंदच्या एका कारखान्यात गेटवर लागला. म्हणजे पुन्हा राखणच. पण तिथे काचेची खोली, पंखा, रजिस्टर. दुपारची पाळी असली की आधी माझ्याकडे जेवायला यायचा. मी त्याच्या आवडीचं करायचे, सुकटाची चटणी, तांदळाची भाकरी. तो निमूट जेवायचा. पूर्वी थट्टा करायचा, मिठावरून भांडायचा, ते सगळं गेलं होतं. मी मुद्दाम मीठ जास्त घालून पाहिलं एकदा. तेही खाल्लं त्याने. माझं तर डोकंच फिरलं. मी म्हटलं, “खारट झालंय, बोलत का नाहीस?” तो म्हणाला, “झालं असल. चालतंय.”

त्याला काय वाटत होतं ते मला दिसत होतं. तीन माणसं आपल्या शब्दाने गेली, हे तो एकटा वागवत होता. साहेबांचा त्यात वाटा त्याने कधी मानला नाही, नशिबाचा मानला नाही. आणि माझा वाटा तर त्याला पुरता माहीतही नव्हता. पहिलं पत्र माहीत होतं. पण बाबांनी दुसरं लिहायला सांगितलं होतं, ते माहीत नव्हतं. उतरायचं कधी, हे बाबांनी त्याच्यासाठी सांगून ठेवलं होतं आणि ते माझ्या कपाटात अडलं होतं. ते पोचलं असतं तर पाहुण्याने विचारल्यावर तो ‘थांबा’ म्हणाला असता का? मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. तो जेवून हात धुवायचा, टोपी घालायचा, निघायचा. सहा वर्षं गेली अशी.

सहाव्या वर्षीच्या पावसाळ्यात बाबा वारले. तेरावं झालं, सगळे पांगले, आणि आठवड्याने दादा नेहमीसारखा जेवायला आला. घरात आम्ही दोघंच होतो. भर दुपार होती. मी ताट वाढलं आणि त्याच्यासमोर बसले. मनात म्हटलं, गप्प राहून ज्याने मला वाचवलं तो गेला. आता तरी बोल.

“दादा, ते बोलणं माझं होतं,” मी म्हणाले. “चौकी सोडू नये ते. मी लिहून दिलं म्हणून तू बोललास. आणि बाबांनी मला लगेच सांगितलं होतं की परत लिही. ईज असली की उतरायचं असतं, ते त्याला लिही. दोनदा सांगितलं. मी लिहिलं नाही. लिहिलं म्हणून खोटं सांगितलं. ते पत्र आलं असतं तर तू पाहुण्याला उतरायला सांगितलं असतंस. तू नाही मारलंस कुणाला. मी.”

दादाने घास ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिलं नाही.

“तुझं पत्र मागून आलं गो,” तो म्हणाला.

“काय?”

“बैठकीच्या मागून. तिथं डाक खेचरावरून यायची, महिना महिना लागायचा. तुझं पत्र आलं तवा बैठक होऊन पंधरा दिवस झालं व्हतं. मी माझ्या मनानंच बोललो. माळ्याचं मला काय ठावं नव्हतं? दोघं बसायचो ना तिथं. तुला बरं वाटावं म्हणून लिवलं, तुझं सांगितलं म्हणून.” मग म्हणाला, “दुसरं पत्र पण उशिराच आलं असतं. बरफ पडायला लागल्यावर डाक बंदच व्हती. उगा डोक्यात घेऊ नको. भाकरी दे.”

मी शिक्षिका आहे. रोज चाळीस पोरं मला गृहपाठ घरी राहिला म्हणून सांगतात, आणि मला डोळ्यांवरून कळतं. दादाला खोटं कधीच बोलता येत नसे. लहानपणी तो खोटं बोलला की त्याची मान ताठ व्हायची, आजही झाली होती. आणि बाबांनी मला लिही म्हणून सांगितलं तेव्हा दिवाळीलाही महिना होता, तेव्हा डाक चालूच होती. त्याचं स्वतःचं पत्र त्याच दिवसांत मला मिळालं होतं. हे सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, दादा, खोटं बोलू नकोस, अर्धं मला दे.

मी भाकरी दिली. “असं होय,” म्हणाले. “मला वाटलं वेळेवर पोचलं असेल.”

“नाय पोचलं,” तो म्हणाला आणि जेवू लागला.

जेवून त्याने हात धुतले, टोपी घातली आणि कारखान्याकडे गेला. मी दारात उभी राहून पाहत होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला त्या दुपारी झोप लागली, गाढ, संध्याकाळपर्यंत. उठले तेव्हा अंग हलकं वाटत होतं. आणि दादा तिकडे गेटवर बसला होता, माझंही अंगावर घेऊन. मी त्याला ते घेऊ दिलं.